इंजिनावर उधळलेला भंडारा

मोटारीत बसलं की पेट्रोलचा वास येऊ लागला, आणि तोही नेमका आरेवाडीला बिरोबाच्या बनात, म्हणजे त्याच्या देवळाला जायचं ठरलं त्याच आठवड्यात. बिरोबाला नवस बोलून वर्ष होत आलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं असताना बाहेरच्या पायरीवर बसून मी म्हणालो होतो, देवा, ही उठून हिंडू-फिरू लागली की तिला तुझ्या दारात आणीन आणि तिच्याच हातानं भंडारा उधळवीन. ती उठली. आधी घरातल्या घरात फिरली, मग अंगणात, मग एक दिवस मला न विचारता शेजारणीकडे जाऊन बसली, तेव्हा मी ओळखलं की स्वारी बरी झाली. एसटीच्या गर्दीत आणि धक्क्यांत तिला इतक्यात नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे जायचं ते आमच्या जुन्या मोटारीनंच. तिला सुखरूप नेऊन सुखरूप परत आणायचं, यापलीकडे तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. सगळी नोकरी गाड्या चालवण्यात आणि त्यांच्याखाली झोपून त्या दुरुस्त करण्यात गेली. पेन्शनवर गावी आल्यापासून माझ्या मोटारीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. बायको तिला ‘धाकटी’ म्हणते आणि स्वतःला थोरली. देव आहे की नाही, असला प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला, पाऊस येईल न येईल अशा मुलखात, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेल्या माणसाला तो पडत नसतो. पण आपल्या हातातल्या कामात देवाचा संबंध कुठे येतो, हे मात्र मला कधी कळलं नव्हतं. स्क्रू मी पिळणार, तर घट्ट बसणार तोही माझ्याच मनगटानं, असा माझा साधा हिशेब होता.

आदल्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं आणि दुखणं लगेच सापडलं. पंपाकडून इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा रबरी पाइप जुना होऊन कडक झाला होता, वाकवला की त्याच्यावर बारीक भेगा दिसत होत्या. कवठ्याला जाऊन नवा पाइप आणि क्लिपा आणल्या. मोटार ढकलत अंगणात उघड्यावर आणली. पाणी तापवायची चूल विझवायला लावली, आणि बिडी ओढत गप्पा मारायला आलेल्या शेजाऱ्याला फाटकातूनच परत पाठवलं. बॅटरीची वायर काढून ठेवली. इंजिन थंडगार असल्याची खात्री केली, सांध्याला फडकं गुंडाळलं, खाली डबा धरला. क्लिप सैल करून जुना पाइप ओढत न बसता हळूहळू पिळून सोडवला. त्याच्याच मापाचा नवा कापला, दोन्ही टोकं नीट चढवली, क्लिपा आवळल्या. मग वायर जोडून इंजिन चालू केलं आणि टॉर्चच्या उजेडात सांधा न्‌ सांधा पाहिला. सगळं कोरडं. मी खूश होऊन हात धुतले. साबणानं कितीही घासले तरी पेट्रोलचा वास काही गेला नाही, पण तो हातांचा, म्हणून मी सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी झाली. इंजिन जरा वेळ चालवून बंद केलं आणि बॉनेट उघडंच ठेवलं. फौजेपासूनची माझी ही रीत. पूजा करायची ती इंजिनाची, वरच्या पत्र्याला ओवाळून काय उपयोग? बायको नवं लुगडं नेसून ताट घेऊन आली. उदबत्ती लावलेली, आणि त्यात तिनं कापूरही पेटवला. आता सांगताना माझं मलाच नवल वाटतं. आदल्या दिवशी मी चूल विझवली, बिडीवाल्याला हाकललं, आणि त्याच मोटारीच्या उघड्या इंजिनासमोर जळता कापूर येताना मी हात जोडून उभा होतो. चूल म्हणजे विस्तव, बिडी म्हणजे विस्तव, पण आरतीला विस्तव म्हणावं हे डोक्यात येतच नाही आपल्या.

तेवढ्यात रस्त्यानं मेंढरं आली आणि त्यांच्या मागून एक म्हातारा मेंढका. खांद्यावर घोंगडं, कपाळ हळदीनं माखलेलं. आमच्या गावचा नव्हता. ताट पाहून तो सरळ अंगणात आला.

“बनात चाललासा व्हय, गड्या?” त्यानं विचारलं.

“व्हय, बाबा.”

“मग आमचाबी मूठभर भंडारा देवाला न्या. मला मेंढरं सोडून जायाला जमंना झालंय.” असं म्हणून त्यानं कमरेची पिशवी सोडली.

“आवं, आदी आरती तरी करू द्या की,” बायको म्हणाली. कापूर विझेल म्हणून तिची चुळबुळ चालली होती.

“कर की, बाई. पर आमच्यात आदी भंडारा, मग आरती,” म्हातारा म्हणाला, आणि “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” करत त्यानं चांगली पसाभर हळद थेट इंजिनावर उधळली.

खरं सांगतो, मला रागच आला. पुसून लख्ख केलेलं इंजिन पार पिवळं झालं होतं. देवाचा भंडारा, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. निदान वरचा थर तरी झटकावा म्हणून मी वाकलो, आणि तसाच थांबलो. सगळीकडे हळद कोरडी होती. फक्त नव्या पाइपच्या टोकाशी ती भिजून गडद झाली होती, आणि बघता बघता ती ओल खाली सरकत होती.

“मागं सर!” मी ओरडलो.

त्या आवाजात मी बायकोशी जन्मात कधी बोललो नव्हतो. ती घाबरून मागे झाली, पण ज्योत विझू नये म्हणून हाताचा आडोसा तसाच धरून, आणि लांब तुळशीपाशी जाऊन तिनं शांतपणे आरती ओवाळली. ती ओवाळत असताना मी तिच्याकडे पाहत राहिलो. एवढ्या मरणाच्या दारातून परत आणलेली बाई, आणि तिच्या हातातला जाळ न्‌ ते झिरपणारं पेट्रोल यांत हातभर अंतर उरलं होतं.

मी ओट्यावर बसलो. ती तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “आवं, छाती माझी फाडली हुती, तुमची न्हाई. पानी प्या.”

पाणी पिऊन मी म्हाताऱ्याला विचारलं, “बाबा, तुमाला कसं कळलं?”

“काय कळलं?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “मला काय ठावं मोटारीतलं? देवाचं नाव घेतलं, दुसरं काय.” तोवर त्याची मेंढरं शेजारच्या ज्वारीत शिरली होती. मूठभर भंडारा बायकोच्या पदरात टाकून तो त्यांच्यामागे शिव्या देत पळाला.

मग मी वायर काढली, इंजिन पूर्ण निवू दिलं, सांडलेलं वाळू दिलं. पाइप चढतो त्या नळीच्या तोंडाशी एक बारीक कड असते. क्लिप तिच्या मागे बसायला हवी होती, ती कडेवरच चढली होती. इंजिन थंड असताना जे दिसलं नाही ते गरम झाल्यावर झिरपू लागलं. क्लिप नीट बसवली, पुन्हा इंजिन तापवलं, पुन्हा तपासलं. या वेळी तपासायला मी चिमूटभर हळद घेतली, आणि ती कोरडीच राहिली.

दुपार कलताना आम्ही बनात पोचलो. आधी म्हाताऱ्याचा भंडारा वाहिला, मग बायकोनं आमचा उधळला. तो तिच्या केसांवर, माझ्या टोपीवर सगळीकडे पडला. मोटारीचं काम मी आजही स्वतःच करतो, आणि चांगलं करतो. हात आखडता घेतला तर देवालाही आवडणार नाही. पण सगळं करून झाल्यावर, माझ्या नजरेतून काय सुटलं असेल ते तू बघ, एवढं त्याच्यावर सोपवायला मी त्या दिवशी शिकलो. त्यानं मन हलकं होतं.

देवापुढून उठायला मला बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, “एवडा येळ काय मागत हुता?”

काहीच मागितलं नव्हतं. डोळे मिटून मी नुसता तिचा श्वास ऐकत होतो.