अजबखान्यातला बाबांचा फोटो

आमच्या बंदरावरच्या जुन्या म्युनिसिपालिटीत आता मिठाच्या गोणी ठेवतात. तिथे एके काळी वस्तुसंग्रहालय होतं असं सांगितलं की आजची पोरं हसतात. हसू देत. मला मात्र ती इमारत दिसली की अजून आत काहीतरी तुटतं.

म्युनिसिपालिटी बाजारातल्या नव्या कचेरीत गेली आणि धक्क्यासमोरची ही कौलारू माडी ओस पडली. मराठी शाळेच्या पेन्शनीतल्या हेडमास्तरांना, आमच्या गुरुजींना, जुन्या वस्तू जमवायचं वेड होतं. त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यांच्या बायकोनेच अध्यक्षांच्या घरी खेपा घालून वरचा सभेचा दिवाणखाना मिळवून दिला, असं गाव म्हणायचं. खरंखोटं देव जाणे. जिथे सभासद नळाच्या पाण्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात, तिथे आता तोफेचे गोळे, गंजक्या तलवारी, धान्य मापायच्या लाकडी पायल्या आणि गलबतांचे जुने भाग येऊन बसले. शहाणे लोक त्याला अजबखाना म्हणत, आणि अतिशहाणे भंगारखाना.

त्याच्या काही वर्षं आधी आमचं गलबत बुडालं होतं. त्याचे मालकही बाबा आणि ते चालवणारे तांडेलही बाबाच. पावसाळ्याआधीची शेवटची खेप, भात घेऊन मुंबईला निघालेली, वाटेत वादळात सापडली. डोलकाठी काशीदच्या किनाऱ्याला लागली. दोघा खलाशांची प्रेतं मिळाली. बाबा मिळाले नाहीत. थळच्या कोळ्यांनी होड्या घालून शोधलं, पण काही हाती लागलं नाही.

आमच्यात रीत अशी, की माणूस मिळाला नाही तर बारा वर्षं वाट बघायची. तोवर त्याची बायको सवाष्ण. बारा वर्षं सरली की पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं आणि मग तिने कुंकू पुसायचं. आई म्हणायची, देव तारी त्याला कोण मारी. परमुलखातल्या एखाद्या गलबतानं उचललं असेल, डोक्याला मार लागून घर विसरले असतील. रोज सकाळी ती ठसठशीत कुंकू लावायची.

गुरुजी वस्तू मागायला दारोदार फिरत होते, तसे आमच्याकडेही आले. बाबांनी फावल्या वेळात कोरलेलं लाकडी गलबत त्यांना हवं होतं. आईने ते दिलंच, वर बाबांचा एकुलता एक फोटो दिला. मुंबईत काढलेला, फेटा बांधलेला, खुर्चीवर हात टेकलेला. मी रडून गोंधळ घातला. तेव्हा तिने मला मागच्या पडवीत नेऊन समजावलं, की वारा पडला म्हणजे वेंगुर्ल्याचे, मालवणचे, पार मंगळूरचे खलाशी धक्क्यावर दिवसेंदिवस अडकून पडतात. करमणूक म्हणून ते माडी चढणारच. हजारात एखादा तरी म्हणेल, हा माणूस मी पाहिलाय. गुरुजींना अजबखाना हवा होता, आईला नवरा.

दसऱ्याला मामलेदारांच्या हस्ते उद्घाटन झालं. आई माहेरची हिरवी साडी नेसून, हातभर चुडा भरून आली होती. आम्ही माडी चढलो आणि समोरच्या भिंतीवर म्युनिसिपालिटीच्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी दिसल्या, सगळे स्वर्गवासी. त्यांच्याच रांगेत बाबा होते. गुरुजींनी मोठ्या हौसेने सगळ्यांना झेंडूचे हार घातले होते, खाली उदबत्त्या लावल्या होत्या. त्यांना सगळ्यांचा सारखाच मान करायचा होता. पण जित्या माणसाच्या फोटोला कोणी हार घालतं का? आईने मामलेदारांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "माजा मानूस गेला ह्ये तुमाला कोनी सांगितलं?"

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच्या हाताने हार उतरवला, फोटो खिडकीशेजारी वेगळा लावला आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या पाया पडू लागले. तिने पडू दिलं नाही. पण गावाने जे पाहायचं ते पाहिलं होतं. त्या संक्रांतीला आळीतली दोन घरं आईला हळदीकुंकवाला बोलवायला 'विसरली'. त्या बायांची मला आजही चीड येते. पुढच्या वर्षी विसरणारी घरं वाढली. आई कुंकू लावून तयार बसायची आणि दिवेलागणीला उठून भात टाकायची.

खलाशी मात्र खरोखरच यायचे. प्रत्येकाला गुरुजी आधी फोटोपुढे उभं करायचे, मग तलवारी दाखवायचे. एकदा एकजण म्हणाला, कारवारला असा माणूस दोरखंड वळताना पाहिलाय. मामा स्वतः कारवारला जाऊन आले. तो माणूस दुसराच होता. आई त्या दिवशी जेवली नाही, एवढंच.

नव्याचे नऊ दिवस सरले. आगबोटीने माल नेला, मोटारींनी उतारू नेले आणि शिडाची गलबतं धक्क्याला लागायची हळूहळू थांबली. खलाशीच येईनात, तर फोटो पाहणार कोण? कौलं गळू लागली, कपाटांना वाळवी लागली. गुरुजींना दिसेनासं झालं, तरी ते भिंत चाचपत येऊन कुलूप काढायचे. तोवर माझं लग्न झालं होतं. आमच्यासाठी तिथे बसणारे तेवढे एकटेच उरले होते.

बारा वर्षं भरली तेव्हा मी माहेरी आले. मामांनी भटजी ठरवले होते, पळसाची पानं ओटीवर आणून ठेवली होती. विधीच्या आदल्या दुपारी आई मला घेऊन अजबखान्यात गेली, पुरं कुंकू लावून, सगळ्या बांगड्या घालून. गुरुजींना तिने सांगितलं की उद्या आमच्याकडे पुतळ्याचं दहन आहे. फोटो घरी न्या, असं ते पुटपुटले. ती नको म्हणाली, इथंच असू द्या. मग ते काठी टेकत बाहेर जिन्यावर जाऊन बसले.

आई फोटोपुढे उभी राहिली. मी एवढी वर्षं तिला बाबांशी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पदर नीट केला आणि अगदी साध्या आवाजात, घरात सांगावं तसं तिने सांगितलं.

"उद्यापासून माजं कपाळ मोकळं असंल. आलात तं वळखा, म्हंजे झालं."