कुणकेश्वरच्या वाळूत आलिशान एसयूव्ही

गाड्यांची परीक्षणं लिहिता लिहिता माझ्याकडे गाड्यांपेक्षा त्यांच्यासोबत आलेल्या माणसांचेच किस्से जास्त साठलेत. मासिकात इंजिन छापून येतं, माणसं राहून जातात. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने लक्झरी एसयूव्ही काढली आणि शूटसाठी आम्हाला सिंधुदुर्गात, म्हणजे माझ्याच गावाकडे, आणलं. त्या ट्रिपचा राग अजून उतरलेला नाही. आम्ही तिघं होतो: मी, फोटोग्राफर नीलेश आणि कंपनीचा मुंबईहून आलेला माणूस, रोहन.

*

पहिला थांबा कसालला, चहासाठी. माझे काका मुद्दाम गाडी बघायला आले होते. आंबा-काजूचे बागायतदार. मागचं दार उघडून त्यांनी जागा निरखली आणि मला विचारलं, "हेच्यात आंब्याचे पेटये किती रवतले गो?"

रोहन मोठ्याने हसला. "काका, ही गाडी नाहीये. हा एक एक्स्पीरिअन्स आहे."

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. काका मात्र शांत होते. म्हणाले, "मगे हेका पेट्रोल कित्याक लागता?"

*

कुणकेश्वरला किनाऱ्याजवळ एक मावशी बांगडे सुकत घालत होत्या. रोहनला फ्रेममध्ये देऊळ हवं होतं, समुद्र हवा होता, मासे नको होते.

"हे जरा उचला ना. फार वास येतोय."

"फोटोत वास येत नाही," नीलेश म्हणाला.

रोहनने ऐकलंच नाही. तो पुन्हा मावशींकडे वळला, तशा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझे बांगडे वाळाक घातलेले आसत. तुझ्या गाडयेक चाका आसत मां? तीच हलव."

*

मग त्याला गाडी वाळूत हवी झाली. मी स्पष्ट नकार दिला. माझं बालपण याच किनाऱ्यावर गेलंय. वाळू कुठे धरते आणि कुठे गिळते, हे इथल्या कुणालाही कळतं. रोहन स्वतः स्टीअरिंगवर बसला, सँड मोडचं बटण दाबलं आणि थोड्याच अंतरावर मागची चाकं अर्धी आत गेली. भरती सुरू झाली होती.

शेवटी जाळं ओढणारे लोक हातातलं काम टाकून आले. दोरी बांधली, गाडी बाहेर काढली. रोहनने आभारही मानले नाहीत. तासाभरात कंपनीच्या पेजवर नीलेशने काढलेला व्हिडिओ आला: गाडी ऐटीत वाळूतून वर येतेय. माणसंही नाहीत, दोरीही नाही.

ओढणाऱ्यांपैकी एकाने माझ्या फोनवर तो दोनदा पाहिला. "दोरी खंय गेली रे?" त्याने नीलेशला विचारलं.

*

हे सगळं मी त्याच संध्याकाळी लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला. "बाकी छान झालंय. फक्त 'गाडी वाळूत रुतली' काढ. 'गाडी किनाऱ्याशी एकरूप झाली' असं कर."

"तुम्हीच या आणि एकरूप व्हा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी कसालच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असलेल्या अरुंद रस्त्यावर, रोहनने गाडी आडवी लावून घेतली. फोटोसाठी. तेवढ्यात मागून रिक्षा आली. आत कळा सुरू झालेली मुलगी आणि तिची सासू. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी मुलीला बसवत नव्हतं.

"दोन मिनिटं थांबा, लाइट मस्त आहे," रोहन म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चावी माझ्याकडेच होती. मी त्या दोघींना आमच्या गाडीत बसायला सांगितलं. रोहन मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. "मॅडम, सीट्स क्रीम लेदरच्या आहेत."

नीलेशने त्याला दंडाला धरून बाजूला केलं.

मी ओरोसच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी हाणली. खरं तेच सांगते, इतक्या वाईट रस्त्यावर मागे हादरा जाणवला नाही. राग आपल्या जागी, गाडी आपल्या जागी. मुलीला आत नेलं आणि थोड्या वेळाने सासू बाहेर आली. "चेडू झाला," म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मुलगी झाली होती.

इतक्यात मागून तीच रिक्षा येऊन थांबली. रोहन उतरला, आमच्याकडे न बघता सरळ गाडीपाशी गेला आणि मागचं दार उघडून सीटवर वाकला.

सासू त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"थंय काय बगतस रे? चेडू आत आसा."