बहिणीला लागलेला रोग

मेहकरला आमच्या घरी एकच कॉम्प्युटर होता, माझ्या टायपिंगच्या सरावासाठी घेतलेला. त्यावर टायपिंग कमी आणि तलवारी-जादूचा एक खेळ जास्त चालायचा. सकाळी मी खेळायची, दुपारी कॉलेजातून आल्यावर धाकटी बहीण. माझं पात्र मी सहा महिने खपून मोठं केलं होतं. बहिणीला खेळायला लागून पंधरा दिवस झाले नव्हते, तोच एका गुहेत तिच्या पात्राला व्हॅम्पायर चावला.

"ताई, मले रोग लागला वं! औषध घेऊ का?"

तीन दिवसांत औषध घेतलं तर रोग जातो. नाही घेतलं तर आपणच व्हॅम्पायर होतो.

"घे ना. इचारून काऊन राह्यली?"

तिने मुद्दाम घेतलं नाही. रोग मुरला आणि तिच्या पात्राला अंधारात दिसू लागलं, हवं तेव्हा अदृश्य होता येऊ लागलं. उन्हात मात्र जीव झिजायचा. झोपलेल्या माणसाचं रक्त प्यायलं नाही तर ताकद वाढायची, पण चेहरा असा भेसूर व्हायचा की गावकरी दिसताक्षणी मारायला धावायचे. उपाशी किती राहायचं आणि प्यायचं कधी, हे तिला नेमकं कळायचं. शेजारच्या मुली दुपारी तिचा खेळ बघायला जमू लागल्या. माझ्या वेळेला कुणी फिरकत नसे.

मीही त्या गुहेत पाचदा जाऊन आले. मला रोग लागेचना.

"ताई, तुह्या हातात रोग न लागायची अंगठी हाये. ते काढ."

"माहीत हाये मले," मी म्हणाले. माहीत नव्हतं. पण तिने सांगितलं म्हणून मी ती काढलीच नाही.

मग ती चार दिवस नांदुऱ्याला मावशीकडे गेली. मी तिचा खेळ उघडला. खेळातल्या एका गावातली म्हातारी वैदीण तीन वनस्पती दिल्या की हा रोग काढते. अख्खी सकाळ त्या शोधल्या, तिचं पात्र बरं केलं आणि तिचा जुना खेळ पुसून त्याच जागी सेव्ह केलं, म्हणजे तिला मागे जाता येऊ नये.

आल्या आल्या ती खेळायला बसली. पात्र उन्हात नेलं, थांबली. काहीच झालं नाही.

"ताई, तूनं केलं हे?"

"हाव. उन्हानं हाल होत होते तुहे."

"मी म्हटलं होतं का तुले, हाल होते म्हणून?"

आवाज ऐकून माय आली. बहीण म्हणाली, "काही नाही, गेम बिघडला." तिने माझं नाव घेतलं नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटला. एवढं मोठं मन तिलाच कसं मिळालं?

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. "बस इथं," ती म्हणाली आणि पुन्हा त्याच गुहेत शिरली. पहिल्याच झटापटीत तिला चावा बसला. शेजारच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरा.