मखमली मुंगीचा नवरा

आमच्या मामाला घरात सगळे ‘टाचणी’ म्हणतात, अर्थात त्याच्या पाठीमागे. अंगाने तो तसाच आहे, आणि आयुष्यभर त्याने केलं काय, तर मेलेल्या किड्यांना टाचण्या टोचल्या. संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वळलं की त्याची खोली. लोखंडी कपाटं, त्यांत काचेच्या झाकणाचे लाकडी खण, खणांत रांगेने किडे आणि प्रत्येकाच्या पोटाखाली मुंगीच्या पायांसारख्या अक्षरातली चिठ्ठी. डांबरगोळ्यांचा वास त्याच्या शर्टाला असा चिकटलेला, की तो आमच्या जिन्यात असतानाच आई चहाचं आधण ठेवायची.

मामा वर्गीकरण करतो. म्हणजे कोणता किडा कोणाचा कोण लागतो, ते ठरवतो. “जगाच्या सोयरिकी जुळवतो, स्वतःची तेवढी राहिली,” असं आई म्हणते, आणि मामा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो.

त्याचा विषय मखमली मुंग्या. नावाला मुंगी, जात गांधीलमाशीची. मादीला पंख नसतात. अंगावर लाल लव, जमिनीवर एकटीच हुंदडते. नर पंखवाला, काळा. तिच्याशी त्याचं काही नातं असेल असं बघून मुळीच वाटत नाही. दोघं एकत्र सापडणं फार दुर्मीळ. त्यामुळे या विषयातल्या भल्याभल्यांकडून एक चूक हटकून होते. नराला कोणीतरी एक नाव देतो, मादीला दुसराच कोणी दुसरं, आणि नवराबायको वर्षानुवर्षं दोन वेगळ्या जाती म्हणून पुस्तकात नांदतात.

या किड्यांवर काम करणारी माणसं जगात मुळातच थोडी. दूरदेशीचे एक म्हातारे प्राध्यापक होते, ते वारले. मामाच्या हाताखाली एक हुशार मुलगी आली होती, ती बँकेत लागली. तिने मामाला लग्नाला बोलावलं होतं. मामा निवृत्त झाला की ही जागा भरायची नाही, असं संचालकांनी एकदा चहा पिता पिता सांगून टाकलं. मामा “बरं” म्हणाला आणि बिस्कीट संपवलं. मी असते तर कप फोडला असता.

आई मामाची थोरली बहीण. मी लहान असताना मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिच्या पायाला काहीतरी डसलं. तिने बोंब ठोकली. मामा धावत आला, खाली वाकला, आणि तिच्या पायाकडे ढुंकूनही न बघता तो किडा बाटलीत घालून मोकळा झाला. “मी मेले असते तर मलाही बाटलीत घातलं असतंस,” हे आईने त्याला पुढे उठताबसता ऐकवलं. किडा नवा निघाला. अशी मादी कोणीच नोंदवली नव्हती. मामाने तिला आईचं नाव दिलं.

शोधनिबंधाचं पहिलं पान आईने चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलं. दूधवाल्यालाही दाखवलं. बाबा गेल्यावर तर त्या पानाला फार मोल आलं. कारण एव्हाना ती कोणाची आई होती, कोणाची काकू, कोणाची मावशी, मामाची ताई. तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. भिंतीवर मात्र तिचं नाव छापलेलं होतं, आणि ते आपल्यामागेही राहणार, याची तिला खात्री होती.

मध्यंतरी मामाचं रविवारी येणं थांबलं. एकदा घसा धरला, एकदा काम निघालं.

“त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय,” आई म्हणाली. “जा, बघून ये.”

मी संग्रहालयात गेले तर मामाने भिंग माझ्याकडे सरकवलं. एकाच टाचणीवर दोन किडे होते. लाल मादी, आणि तिला घट्ट धरलेला काळा नर.

“पाण्याच्या टाकीपाशी सापडले,” तो म्हणाला. “एकमेकांना सोडायलाच तयार नव्हते. मादी आपली, ताईची.”

“मग छानच की!”

“नराला शंभरेक वर्षांपूर्वीच नाव दिलेलं आहे. आणि ज्याचं नाव आधी, तेच दोघांचं राहतं.”

“आणि आईचं?”

“जातं.”

मी विचारलं, “तू हे छापलंच नाहीस तर? कळणार आहे कोणाला?”

“कुणालाच नाही,” मामा चिडून म्हणाला. चिडलेला मामा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. “तपासणारं दुसरं आहे कोण? मी लिहीन तेच खरं धरणार सगळे. मग जाणूनबुजून खोटं कसं ठेवू?”

“मामा, तुझं म्हणून एकच माणूस आहे जगात,” मी म्हणाले. “तिचं नाव खोडणार तू?”

तो चिमटा पुसत बसला. पुसून झालेलाच चिमटा.

पुढच्या रविवारी तो आला, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि आईला सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे नवरा सापडला आणि बाईचं नाव गेलं,” ती म्हणाली. “यात तू नवीन काय शोधलंस?”

मला हसू फुटलं. पण आई हसत नव्हती. ती उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. चहाही नाही. मामा बराच वेळ बसून राहिला आणि मग दार हळू ओढून निघून गेला. त्यानंतरचे रविवार तसेच गेले. तो आला नाही, हिने बोलावलं नाही. मला दोघांचाही राग येत होता, आणि दोघांसाठी रडूही येत होतं.

एक दिवस आई सकाळीच ठेवणीतली साडी नेसून उभी. “चल. बघू दे तिचा नवरा.”

इतक्या वर्षांत ती कधी संग्रहालयात गेली नव्हती. आम्ही दारात दिसलो तसा मामा गडबडून उठला. आई त्याच्या खुर्चीत बसली आणि भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिली.

“इतकी वर्षं कुठे होता हा?”

“त्याच्या जातीचे नर त्या समोरच्या कपाटात होते,” मामा म्हणाला. “मादी या कपाटात. मी मध्ये बसायचो.”

“छापलंस का?”

“नाही अजून.”

“छापून टाक. खोटं कळल्यावर ते मिरवायचं कसं?” आईने भिंग बाजूला सारलं. मामाने मान खाली घातली. मग सांभाळून घ्यावं म्हणून तिने खोलीभर हात फिरवला. “एवढ्या गोतावळ्यात तुझ्या नावाचा कोणता रे?”

“एकही नाही.”

“का? लाज वाटली?”

“स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत, ताई. दुसऱ्या कोणीतरी द्यायचं असतं.”

“मग दिलं का नाही कोणी?”

मामाने खणावर काचेचं झाकण नीट बसवलं. “कोण देणार?”

आईने त्या कपाटांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. खोलीत खुर्ची एकच होती. ती उठली आणि दंडाला धरून तिने मामाला खुर्चीत बसवलं.

“बस तू,” ती म्हणाली. “मी आहे इथे उभी.”