बाहेरून तपासलेलं पोर्ट

गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात मी वजनकाट्याचा सर्व्हर सांभाळायचो. एका सकाळी काटा बंद पडला. काट्याचा आकडा ज्या वाटेनं सर्व्हरमध्ये येतो, ते पोर्ट मी खोलीत बसून पुन्हापुन्हा तपासलं; उघडंच दिसायचं. बाहेर उसाच्या बैलगाड्या खोळंबलेल्या, शिव्या चालू. "आत्ता सुरू होतंय!" मी खिडकीतून ओरडायचो.

दुपारी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. थेट काट्यापाशी, उन्हात जाऊन बसल्या आणि लॅपटॉपवर ओढणीची सावली धरली; मीही मागोमाग गेलो. तिथून पोर्ट बंद निघालं.

"आतून उघडंच दिसतंय, दादा. बाहेर येऊन बघावं लागतंय," मान वर न करता त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत काटा चालू झाला. मी गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. माझ्या 'आत्ता'वर भरवसा ठेवून कुणीच सकाळपासून बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं नव्हतं.