रेघेपर्यंतचं पाणी

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. माझी सगळी नोकरी बेंगळुरात, यशवंतपूरच्या एका कारखान्यात, धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग विभागात गेली. रसायनं, तापमान, करंट... जे मोजता येतं तेवढंच खरं, ही सवय अंगात मुरलेली. घरात कुणी "नजर लागली" म्हणालं की मी चिडायचो. भूतखेत मला आजही पटत नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं. आणि त्याच्या आधी मी जे केलं, ते हे लिहायला बसेपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वय ऐंशीच्या पुढे गेलंय. आता नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मल्लेश्वरमला आमचं बैठं घर. घरात मी, माझी बायको सुमन आणि माझी थोरली बहीण, जिला सगळी गल्लीच अक्का म्हणायची. अक्काचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती आमच्याकडेच.

मला माशांचा नाद होता. गोल्डफिश वगैरे पाळून झाले होते. मग एकदा शिवाजीनगरच्या दुकानात खाऱ्या पाण्यातले मासे पाहिले – मद्रासहून आलेले, केशरी, अंगावर पांढरे पट्टे – आणि डोक्यात तेच बसलं. त्या काळी बेंगळुरात याची माहिती असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पॅकेटमधलं परदेशी मीठ परवडत नव्हतं. कारखान्यातला माझा मित्र शेट्टी मूळचा मंगळूरचा. त्याचा भाऊ लॉरीतून खऱ्या समुद्राचं पाणी कॅन भरभरून पाठवू लागला.

अक्कानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. टाकी भरली त्या दिवशी ती समोर मांडी घालून बसली.

"हाच का रे समुद्र, रामू? मग आवाज कुठाय?"

"आवाजाचा कॅन वेगळा येतो. पुढच्या लॉरीनं."

"चेष्टा करतोस म्हातारीची," असं म्हणत तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! सुमन, सांबार याचंच कर गं, मीठ वाचेल."

महिनाभर टाकी नुसती पाण्यावर चालवली, मग दोन मासे आणले, काही कोळंब्या, आणि एक समुद्रफूल – खडकाला चिकटून बसणारा, बोटं हलवत राहणारा जीव. मासे दिवसभर त्याच्यातच लोळायचे.

अशा टाकीत एक काम रोजचं असतं. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढत जातो. मी काचेवर काळ्या रंगानं रेघ मारली आणि हे काम अक्काला दिलं. दुपारचं जेवण झालं की ती तांब्या घेऊन यायची आणि बारीक धारेनं, अगदी हळू, रेघेपर्यंत पाणी घालायची. मासे त्या धारेखाली येऊन थांबायचे. "आले बघ माझे गिऱ्हाईक," म्हणायची. एकादशीला टाकीच्या झाकणावर तुळशीचं एक पान ठेवायची. समुद्राला नुसतं कसं ठेवायचं, म्हणे.

एकदा लॉरीतून आलेल्या कॅनना डिझेलचा वास येत होता. पाणी उघड्यावर ठेवून वास घालवायचा तर मोठं भांडं हवं. न्हाणीघरात अक्काचा लग्नातला तांब्याचा हंडा होता. आदल्याच दिवशी तिनं तो चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"त्यात नको रे ओतू," ती म्हणाली. "मीठ लागून डाग पडतील."

"अक्का, तांब्यातलं पाणी शुद्ध होतं असं तूच लहानपणापासून सांगतेस ना? मग?"

"सरी बाबा, ओत. डाग मात्र तू काढायचेस."

दिवसभर मी ज्या कारखान्यात काम करायचो तिथे तांब्याच्या क्षारांच्या टाक्यांपाशी मी स्वतः पोरांना दरडावायचो – हे पाणी नाल्यात सोडायचं नाही, मासे मरतात. आणि घरी येऊन समुद्राचं खारं पाणी तांब्याच्या हंड्यात ओतलं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. कारखान्यातलं तांबं ते केमिकल, घरातलं तांबं ते सोवळं. दोनेक दिवस पाणी हंड्यातच राहिलं. वास गेला. मी ते टाकीत घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेट्टी आणि कारखान्यातले आणखी काहीजण "रामरावांचा समुद्र" बघायला येणार होते. सकाळी पाहिलं तर कोळंब्या उताण्या पडलेल्या, समुद्रफूल आक्रसून काळं पडलेलं. मंडळी येईपर्यंत ते सडू लागलं होतं, पाणी दुधासारखं पांढुरकं, मासे वर येऊन तोंड वासत होते. सगळ्यांच्या देखत ते मेले. हॉलभर कुजकट वास. कुणीतरी हसत म्हणालं, "अण्णा, समुद्र म्हणून बोलावलंत, हे तर आमच्याकडचं मासळी मार्केट!"

पाण्यावर तुळशीचं एक पान तरंगत होतं. झाकण काढताना पडलं असणार.

मी अक्काला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

"काय टाकलंस पाण्यात?"

"काही नाही रे. पान, तेसुद्धा झाकणावर..."

"खोटं बोलू नकोस!"

आणि मग मी ते बोललो. आजवर हे वाक्य मी कागदावर लिहिलं नव्हतं. मी म्हणालो – "तुझा हात लागला की काही जगतच नाही."

नवरा गमावलेल्या, मूल न झालेल्या बाईला मी हे म्हणालो. चारचौघांत. ती आत गेली आणि पाहुण्यांसाठी कॉफी करून आणली, पण ट्रे तिनं सुमनच्या हातात दिला.

त्या आठवड्यातच ती तुमकूरला गेली, तिच्या नवऱ्याच्या पुतण्याकडे, मुरळीकडे. "स्वल्प दिवस राहून येते" एवढंच म्हणाली. आमच्या नातेवाइकांत मात्र किस्सा पसरला – अक्कानं तुळस घालून मासे मारले. लग्नाकार्यात तो अजूनही सांगतात. हसतात.

पुढे एकदा न्हाणीघरात गेलो तेव्हा हंडा दिसला. आतून हिरवानिळा थर, पाणी जिथवर होतं बरोबर तिथवर. असा रंग मी रोज कारखान्यात पाहत होतो. उभ्या उभ्या सगळं कळलं. मी दाराला कडी लावली, चिंच घेतली, हंडा घासून स्वच्छ केला आणि जागेवर ठेवून दिला. कुणालाही काही सांगितलं नाही.

वर निर्लज्जपणा असा की टाकी पुन्हा लावली. वाळू फेकली, काचा धुतल्या, नवं पाणी या वेळी प्लास्टिकच्या पिंपात ठेवलं. फक्त दोन मासे.

आणि पाणी रेघेखाली जाईना.

सुरुवातीला मला वाटलं, सुमन घालत असेल. विचारलं. "मी? तुमच्या समुद्राकडे मी फिरकत नाही," ती म्हणाली. मार्च-एप्रिलचं कोरडं ऊन, एरवी अक्काला रोज तांब्याभर पाणी घालावं लागायचं. मी शेजारी स्टीलचं उघडं भांडं भरून ठेवलं. त्यातलं पाणी उतरत होतं, टाकीतलं नाही. खारटपणा मोजायचं काचेचं उपकरण होतं. तो आकडाही हलत नव्हता. आम्ही घराला कुलूप लावून तिरुपतीला जाऊन आलो. शेजारचं भांडं जवळजवळ रिकामं, टाकी रेघेला टेकलेली. झाकणावर थोडे थेंब होते. चाखून पाहिले – गोडं पाणी.

मी कारणं शोधत राहिलो. छत गळतंय? पंपात काही? छप्पर कोरडं होतं, पंप साधा हवेचा. मग एका सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. लख्ख उजेड होता, रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. एकाएकी दोन्ही मासे वर आले आणि एका कोपऱ्यात शेजारी शेजारी थांबले. त्यांच्या वरचं पाणी हलायला लागलं... बारीक, एकाच जागी, वरून धार पडावी तसं. धार नव्हती. आवाज होता. पाणी चढलं, रेघेला लागलं आणि हलायचं थांबलं.

मागे काहीतरी पडलं. सुमन दारात उभी होती, कॉफीचा लोटा पायाशी.

"अहो," ती म्हणाली, "अक्का घालायच्या तसंच. हळू."

थोड्या वेळानं म्हणाली, "उद्याच जा आणि घेऊन या त्यांना."

"जातो की. पुढच्या आठवड्यात."

तुमकूर किती लांब आहे? सकाळी निघालं तर जेवायला परत. पण तिला आणायचं म्हणजे हंड्याचं सांगणं आलं. शेट्टीला, सुमनला, सगळ्यांना. मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मग एक दिवस पाणी रेघेच्या खाली दिसलं. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. मला – लाज वाटते लिहायला – सुटल्यासारखं वाटलं. मीच मग तांब्यानं पाणी घालू लागलो. त्यानंतर काही दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवर मुरळीचा निरोप आला. अक्का गेली. शेवटचा आठवडा तापानं अंथरुणाला खिळून होती, उठून बसवतही नव्हतं.

तुमकूरला सगळं आटोपल्यावर मुरळी माझ्याजवळ येऊन बसला.

"मामा, एक विचारू? काकू रोज जेवण झालं की तांब्या भरून मागच्या खोलीत जायची. आम्हाला वाटायचं, पीत असेल. एकदा माझ्या बायकोनं डोकावून पाहिलं तर काकू तांब्या हळूहळू वाकडा करत होती. खाली काही नाही, नुसती जमीन. आणि जमीन कोरडी. तांब्या मात्र रिकामा."

"वय झालं होतं," मी म्हणालो. "भ्रम होतो."

"आणि ते मासे कशानं मेले हो, तेव्हा?"

"काय माहीत," मी म्हणालो.

मासे मी दुकानात परत दिले. टाकी विकली.

पाणी कुठून येत होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मोजमाप करणारा माणूस मी. सगळ्या बाजूंनी विचार करून झाला. तुमच्यापैकी कुणाला शास्त्रीय कारण सापडलं तर आनंदच आहे. मासे मात्र कशानं मेले ते मला ठाऊक होतं, हंडा पाहिला तेव्हापासून. ते मी मारले. अक्काचा त्यात काहीही संबंध नव्हता. नातेवाईक हे मासिक वाचतात म्हणूनच इथे लिहितोय.

छापायला देण्याआधी मी सुमनला सांगितलं आणि मग मुरळीला फोन केला. हंड्याचं, हिरव्या थराचं, सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, तेव्हा आमची मुलगी नुकतीच झाली होती. काकूनं तिला कधीच मांडीवर घेतलं नाही. बायको द्यायला गेली की हात पदराखाली घ्यायची. लांबूनच बघायची, लांबूनच बोलायची तिच्याशी. आम्हाला वाटायचं, काकूला मुलांची आवड नाही."