भैरवीनंतरचं गाणं

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला होतो आणि धाकटी बहीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मुंबईच्या एका रॉक बँडचं तिला वेड होतं. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आमच्या घरात सकाळी बाबांचा रेडिओ आणि दुपारी तिची कॅसेट, अशी वाटणीच झालेली होती. एका गाण्यावर तिचा विशेष जीव. कॅसेटवर ते गाणं संपायचंच नाही. गिटार वाजत असतानाच आवाज बारीक होत विरून जायचा.

"समोर वाजवताना असं विरून जाता येणार नाही ना, दादा," ती म्हणायची. "कुठेतरी थांबावंच लागेल. ते कसे थांबतात, तेवढं मला ऐकायचंय."

तो बँड बडोद्याला आला तेव्हा बाबांनी परवानगी दिली, पण दादा बरोबर जाईल आणि नऊच्या आत दोघं घरी येतील, या अटीवर.

कार्यक्रम संध्याकाळी एका मैदानावर होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आवाज नुसता छातीत आदळत होता. बहीण मात्र पहिल्या गाण्यापासून उभी. शब्दन् शब्द पाठ. वेणी सुटलेली, ओढणी कमरेला बांधलेली, आणि शेजारच्या अनोळखी मुलामुलींबरोबर ती मोठ्याने गात होती. घरी पानात आणखी भात हवा का, असं हळू विचारणारी मुलगी मला तिच्यात सापडेना. मागे आमच्या पोळातला एक जण दिसला. तो तिच्याकडे पाहून हसला. वाईट हसला असंही नाही, पण मला घाम फुटला.

आठच्या सुमारास बँडने एक संथ गाणं म्हटलं, हात जोडले आणि सगळे आत गेले. आमच्या घराला गाण्याच्या बैठकींची सवय. भैरवी झाली की मंडळी चपला शोधायला लागतात. मी उठलो.

"चल, भैरवी झाली."

"भैरवी नाही ती, दादा. हे लोक आत जातात, पब्लिक ओरडतं, मग परत येतात. यांच्यात तशीच पद्धत असते. माझं गाणं अजून व्हायचंय."

"आता पद्धत तू मला शिकवणार? गर्दीत स्कूटर निघायची नाही."

ती आली. पुन्हा कधी परवानगी हवी असेल तर माझं ऐकणं तिला भाग होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

स्कूटरपाशी पोचलो आणि आत एकदम कल्ला झाला. गिटार सुरू झाली. ती जागच्या जागी थांबली. "तेच आहे," एवढंच म्हणाली.

तिला तिथेच उभी करून मी फाटकावर विचारायला गेलो. तिथला माणूस तंबाखू मळत होता. "जाव ने भाई, हजु तो चालु छे," तो म्हणाला आणि त्याने मानेनेच आत जायची खूण केली.

मी परत येऊन तिला सांगितलं, "सोडत नाहीये."

ती मैदानाच्या भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. जेमतेम सव्वाआठ झाले होते. गाणं संपायच्या आधीच मी किक मारली.

मला पद्धत माहीत नव्हती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. उठलो तेव्हा ती खरंच माहीत नव्हती. फाटकावर मात्र सगळं माहीत होतं. तिथे मला फक्त माझी नेहमीची बहीण परत हवी होती.

वर्षभरात लग्न होऊन ती नाशिकला गेली. बँडही लवकरच मोडला. गेल्या दिवाळीत ती तरसालीला माझ्या घरी आली होती, तेव्हा चहा पिताना मी तिला फाटकावरचं सांगून टाकलं.

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे तो सोडत होता?"

"हो."

मग ती म्हणाली, "आणि तुझी ती खटारा स्कूटर. एरवी दहा किका खायची. त्या दिवशी बरी पहिल्या किकला लागली." ती हसली, मलाही हसू येणार होतं, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "मी भिंतीपाशी उभी राहून वाट बघत होते रे. आता थांबतील, आता थांबतील."

मी माफी मागितली. ती 'असू दे' म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.